ओसरी

गणपती जाऊन पंधरवडा झाला होता,
कालाकुंडच्या रेल्वेपुलाखाली चोरल अजून गढूळच.
सारंग मुंगीनं माझ्या जाकिटाचा पट्टा धरला,
म्हणाला, "बाई, श्वास घ्या."
घेतला.
"आता सोडा."
सोडला, तसा त्यानं पट्टा आणखी दोन बोटं आवळला.

सातवीत हाच मुलगा
वेलांटी कुठल्या बाजूला ते विसरायचा.
मराठीत चौतीस.
पस्तिसाव्या गुणासाठी त्याची आई
नारायण बागेतून भर उन्हात चालत आली होती.
मी दिला नाही.

आता त्याच्याकडे फुगवायच्या चार होड्या आहेत,
एक पंप, एक पंक्चरचा डबा,
आणि रविवारी इंदूरहून येणारी माझ्यासारखी माणसं,
ज्यांना बुडायचं नसतं,
पण बुडता बुडता वाचलो, असं घरी सांगायचं असतं.

"सोपा तुकडा आहे. अडीच किलोमीटर, तीन उतार.
तिसऱ्यावर तर बच्चे लोक हसतात.
बस, एक लक्षात ठेवा बाई,
दगडाकडे नाही बघायचं.
दगडाकडे बघितलं की होडी दगडाकडेच जाते.
जिकडे जायचंय, तिकडे बघा."

एकतीस वर्षं मी लाल पेनानं
नेमकी चूक तेवढी बघत आले.

पहिला उतार कळलाच नाही,
नुसती कंबर भिजली.
दुसऱ्यावर पाण्याची जीभ दिसली,
काळ्या खडकांमधून लांब, गुळगुळीत,
आणि टोकाशी पांढरी बडबड.
"डावं मारा, बाई! डावं!"
मी उजवं मारलं.
होडी आडवी झाली
आणि मी दगडाकडे पाहिलं.
पाहिलंच. नीट पाहिलं.
शेवाळाची पट्टी, खाचेत अडकलेली गुटख्याची पुडी,
पुडीवर पंख पसरून बसलेला चतुर,
तो उडाला तेव्हा माझे पाय आभाळात होते.

नाकात नदी. चष्मा दोरीला.
तळ लागत होता, मी उठू लागले, तर तो ओरडला,
"उभ्या राहू नका!
पाय वर, पाय पुढे, वाहू द्या!"
आयुष्यभर मीच म्हटलं होतं,
ऊठ, उभा राहा, बाकावर उभा राहा.
मी पाय वर केले. वाहिले.
साडेपाच दशकांचं वजन, एखाद्या पळसपानासारखं.

"आता ओसरीवर या!
मोठ्या दगडामागे, ओसरीवर!"

दगडामागे पाणी वळून उलटं येत होतं,
सावकाश, घरी काही विसरल्यासारखं.
तिथं मी बसले. धार बाजूनं धडधडत गेली
आणि मला कोणी ढकललं नाही.

या जागेला काय म्हणावं
ते मी आदल्या रात्री कोशात शोधलं होतं.
भोवरा लिहिलं, खोडलं.
आडोसा लिहिलं, तेही खोडलं.
आणि ओसरी, ओसरणं
दोन्ही एकाच पानावर बसले असणार,
एकमेकांशी न बोलता.

"सारंग, हा शब्द तुला कुठं मिळाला?"
"कुठला?" होडीतलं पाणी डब्यानं उपसत तो म्हणाला.
"सगळे पोरं तेच म्हणतात."
सगळे पोरं.
जीभ शिवशिवली. गप्प राहिले.
आमचा मराठीचा वर्ग बंद झाला
तेव्हा पटावर नऊ मुलं होती.
त्यातली किती कुठल्या दगडामागे आहेत, कोण जाणे.

पुढचा उतार सरळ होता.
मी पाण्याकडे पाहिलं, फक्त पाण्याकडे,
आणि मोठ्यांदा ओरडले, काय ते आठवत नाही.
काठावर बकऱ्या राखणारी दोन पोरं
खरंच हसली.

नंतर स्टेशनबाहेर पळसाच्या द्रोणात कलाकंद खाल्ला.
सारंगनं वहीत माझं नाव लिहिलं,
पैसे मिळाले, परत येणार, पुढचा रविवार.
एक वेलांटी चुकली होती.
मी वही त्याच्याकडे सरकवली
आणि द्रोण चाटत बसले.